इतर हक्कांचा रकाना



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा एकच: कागद क्लिअर आहेत ना? त्यामागची काळजी खरी आहे. आयुष्यभराची पुंजी, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे वीस वर्षांचे हप्ते असे सगळे त्या एका होकारावर टांगलेले असते. प्रश्न मात्र अपुरा आहे. ‘विकणारा मालक आहे का?’ एवढे विचारून या भागात भागत नाही. ‘या जमिनीवर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे?’ हे आधी विचारावे लागते. घेणाऱ्याचे हित आणि आदिवासीचे, कुळाचे, बहिणीचे संरक्षण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. संरक्षणाचे कायदे म्हणजे व्यवहारातली खोडी, ती कोणीतरी जाणकाराने ‘मॅनेज’ करायची, असे सर्रास बोलले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि दुबळ्याचा हक्क शोधून काढणारा खरेदीदारच शेवटी सुरक्षित राहतो, हे मला आज मांडायचे आहे.

हा विषय याच दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. एका बाजूला मुंबई–नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याची लोकल. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांच्या आसपास चाळी, इमारती आणि प्लॉटिंग वाढत आहे. दुसऱ्या बाजूला कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावड्यावरून माळशेजकडे जाणारा रस्ता. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातल्या आडबाजूच्या गावांनाही शहरी गिऱ्हाईक दिसू लागले. पण ही मोकळी जमीन नाही. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्यातली काही गावे पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापुरात आहेत. तानसा अभयारण्य आहे. डोंगरउतारावरची वरकस जमीन आहे, जिच्यावर भाताच्या राबासाठी पालापाचोळा आणि गवत मिळत आले. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे याच जमिनीवर आहेत. ठाण्यातला फ्लॅट घेताना ज्या प्रश्नांची गरज पडत नाही, ते सगळे इथे एका गुंठ्यामागे उभे असतात.

आता कागदांकडे येऊ. नोंदणीकृत खरेदीखत म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द, असे मानणारे पुष्कळ आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे खरे. म्हणून नोटरीपुढे केलेले ‘खरेदीखत’ किंवा साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांची जोडी म्हणजे विक्री नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये हे स्पष्ट सांगून टाकले. पण याच्या उलट बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो तो विकणाऱ्याची मालकी तपासून नव्हे. तमिळनाडूने निबंधकाला तसा अधिकार देणारा नियम केला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि मालकीचा निवाडा हे निबंधकाचे काम नाही, असे सांगितले. जे विकणाऱ्याचे नव्हतेच ते नोंदणीच्या शिक्क्याने घेणाऱ्याचे होत नाही. सातबाऱ्याची गोष्ट तशीच. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला. आज जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यातल्या नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात. ‘येईपर्यंत’ या मर्यादेत सगळे आले. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ तर निव्वळ घरपट्टीच्या आकारणीसाठी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टोरेन्स याने १८५८ मध्ये नोंद हीच मालकी आणि तिची हमी सरकारची, अशी पद्धत आणली. आपल्याकडे ती हमी नाही. इथे प्रत्येक कागद आपापल्यापुरते बोलतो, आणि ते सगळे शेजारी शेजारी मांडून वाचण्याची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्यावर टाकली आहे.

मग वाचायला सुरुवात कुठून करायची? बहुतेकांची नजर सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाकडे जाते, नाव जुळले की कागद मिटला जातो. माझे सांगणे असे की आधी ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना वाचावा. तिथे दोन ओळींत अर्धशतकाचा इतिहास असतो. ‘आदिवासी खातेदार, हस्तांतरास बंदी’, ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’, ‘खाजगी वन’, ‘तुकडा’, सोसायटीचा बोजा. आणि प्रत्येकाशेजारी कंसात फेरफार क्रमांक. काही अख्ख्या नोंदींनाच कंस केलेला असतो, म्हणजे ती नोंद कमी केली. इथे थांबायला हवे. कंस कोणत्या फेरफाराने झाला, तो कोणत्या आदेशावरून, त्या आदेशावर सही कोणाची, हे तो फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. जुना हस्तलिखित फेरफार तहसिलाच्या अभिलेख कक्षातून काढावा लागतो, त्याला दिवस लागतात. खरा धोका बहुतेक वेळा या दुसऱ्या कागदात असतो. भोगवटादाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे दिसली तरी तसेच थांबावे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे नाव लागले आहे, याचा अर्थ बाकीची भावंडे कागदामागे उभी आहेत.

या रकान्यातली सर्वांत जड नोंद आदिवासी जमिनीची. ठाणे जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे कशा गेल्या, हे १९३०च्या दशकाअखेरीस सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालातच आले होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि पुढे डहाणू-तलासरीत वारल्यांचा उठाव झाला, तो याच भूमिहीनतेच्या आणि वेठीच्या पार्श्वभूमीवर. स्वातंत्र्यानंतरही जमिनी जातच राहिल्या, म्हणून १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले. आदिवासीचा भोगवटा बिगरआदिवासीकडे विक्रीने, बक्षिसाने, अदलाबदलीने, गहाणाने किंवा भाडेपट्ट्याने जायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी हवी, आणि पाच वर्षांपर्यंतचे गहाण-भाडेपट्टे सोडले तर त्या मंजुरीला राज्य शासनाची पूर्वमान्यताही हवी. त्याच्या जोडीला आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा झाला, त्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींना हात घातला. त्याच्या घटनात्मकतेला आव्हान दिले गेले. डिसेंबर १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. घर घेणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते असे की हे बंधन शेताच्या पिकाला नाही, भोगवट्याला आहे. जमिनीवर बंगला उभा राहिला, बाग झाली, कुंपण पडले म्हणून ते सुटत नाही. मधे दोन-तीन बिगरआदिवासी मालक होऊन गेले तरी पहिलेच हस्तांतर विनापरवाना असेल तर पुढची साखळी हवेतच लोंबकळते. शिवाय अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा आणि त्याखालचे २०१४ चे राज्याचे नियम इथे लागू आहेत. आदिवासींची जमीन हातची जाऊ नये, यासाठी ग्रामसभेला त्यांत स्थान दिले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर असल्यामुळे सविस्तर उत्तर द्यावे लागेल. आक्षेप असा: या कायद्याने आदिवासीलाच बांधून ठेवले. घरात आजारपण आले, पोराचे शिक्षण आले, तर बिगरआदिवासी शेजारी आपली जमीन बाजारभावाने विकू शकतो. ठाकूर किंवा कातकरी कुटुंबाला ती सोय नाही. त्याला कमी भावात, साध्या कागदावर, चोरून द्यावी लागते. संरक्षणाच्या नावाखाली त्याची जमीनच बाजारात स्वस्त केली. यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खरा नाही. चोरून होणाऱ्या व्यवहारात भाव पडतो तो कायदा असल्यामुळे नव्हे, तो चुकवला जात असल्यामुळे. चुकवण्याची जोखीम घेणारा मधला माणूस तिची किंमत आदिवासीच्या भावातून वळती करतो, आणि तीच जमीन शहरी गिऱ्हाइकाला पूर्ण भावाने दाखवतो. म्हणजे आदिवासीला भाव मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला मालकी मिळत नाही. फायदा कायद्याला बगल देणाऱ्या एकट्याचा. मंजुरीचा मार्ग कायद्यात आहेच. तो लांब आणि दमवणारा आहे, ही तक्रार रास्त आहे, आणि तिचा रोख मंजुरीच्या वेळेकडे, आदिवासी कुटुंबाला मिळणाऱ्या पतपुरवठ्याकडे असायला हवा. बंधनच काढून टाकले की सौदा बरोबरीचा होईल, हे मानायला १९७४ पूर्वीचा इतिहास आधार देत नाही. तेव्हा बंधन इतके कडक नव्हते, आणि जमिनी गेल्या त्या तेव्हाच.

दुसरा युक्तिवाद तुम्ही चहाच्या टपरीवरही ऐकाल: इतकी वर्षे झाली, कोण येतंय विचारायला? याला उत्तर कायद्याच्या मुदतीत आहे. कलम ३६-अ खाली आदिवासीने अर्ज करण्याची मुदत आधी तीन वर्षांची होती, ती वाढवून तीस वर्षांवर नेली. ज्याने जमीन दिली तो म्हातारा गेला असेल. त्याची नात आश्रमशाळेतून शिकून पदवीधर झालेली असते, तिला सातबारा वाचता येतो. विचारायला ती येते. आणि यावे हेच योग्य आहे.

‘खाजगी वन’ ही नोंद वेगळ्या प्रकारची. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रातली खाजगी वने कायद्याने शासनाकडे गेली. त्यासाठी १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५(३) खालच्या जुन्या नोटिसांचा आधार घेतला गेला, आणि कित्येक ठिकाणी तीस-पस्तीस वर्षांनी सातबाऱ्यावर नोंदी चढल्या. वरकस आणि गवतपड जमिनींवर ही नोंद असण्याची शक्यता जास्त. जानेवारी २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नोटीस नुसती काढली एवढ्याने वन ठरत नाही, ती बजावलेली हवी. त्यामुळे ही नोंद दिसली म्हणजे जमीन गेलीच असे नाही, आणि निकाल आला म्हणजे सुटलीच असेही नाही; त्या गटापुरता आदेश लागतो. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा मात्र वारसाने जातो, विकता येत नाही. यात शंकेला जागाच नाही. असा पट्टा ‘घरासाठी जागा’ म्हणून कोणी दाखवला तर तिथूनच मागे फिरावे. गुरचरणावरच्या घराचेही तसेच.

कुळाच्या जमिनीबाबत दिलासा आहे, आणि संरक्षणाचे कायदे कधी हलत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी तो पाहावा. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ मालक झाले, कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले, पण विक्रीवर कलम ४३ चे बंधन राहिले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते. आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ. ती न भरता केलेला व्यवहार पुढे कुळाच्या वारसांना आणि घेणाऱ्याला तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लावतो. यात विकणाऱ्याचेही हित आहे: नजराणा भरून, फेरफार करून दिलेल्या जमिनीला पूर्ण भाव मागता येतो.

आता गुंठ्यांचा प्रश्न, कारण या दोन तालुक्यांत मध्यमवर्गाची सर्वांत जास्त फसवणूक याच वाटेने होण्याजोगी आहे. एका भातखाचराच्या गटातून चुन्याच्या रेघा मारून एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, मधे लाल मातीचा रस्ता काढायचा, फाटक उभारायचे, आणि ‘फार्महाउस प्लॉट’ म्हणून विकायचे. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचे कलम ६३ त्याला शेतजमीन घेऊच देत नाही. तो शेतकरी असेल तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे झाले, त्याखालचा तुकडा पडत नाही. मग पळवाट निघते: सगळ्यांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावायची. प्रत्येकाच्या हाती कागद येतो, पण त्यात पोटहिस्सा नाही, मोजणी नाही, चतुःसीमा नाही. आपला तुकडा कोणता, हे फक्त विकणाऱ्याच्या रंगीत नकाशात असते. वीस सहहिस्सेदारांपैकी एक वारला की वारस वाढतात, एकाने कर्ज काढले की बोजा सामाईक उताऱ्यावर दिसतो. घर बांधले तरी त्याखालची जमीन नेमकी आपली, असे म्हणता येत नाही.

२०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी अशा दस्तांची नोंदणी रोखणारे परिपत्रक काढले. ५ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले, आणि ‘तुकडेबंदी उठली’ अशी हाकाटी झाली. ती दिशाभूल होती. न्यायालयाने निबंधकाचा नकाराधिकार काढला. कायद्याविरुद्ध झालेले हस्तांतर निरर्थक ठरवणारे मूळ कलम जागेवरच राहिले. वर सांगितलेला नोंदणी आणि मालकी यांतला फरक इथे लाखो रुपयांचा होतो. पुढे २०२५ मध्ये राज्य सरकारने ठरावीक क्षेत्रांतले तुकड्यांचे जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट मोकळी केली. गुंठ्यावर घर बांधून राहणाऱ्या साध्या कुटुंबांसाठी हे आवश्यकच होते, त्यांना कायमचे बेकायदा ठेवण्यात कोणाचे भले नव्हते. पण त्या सवलतीच्या भरवशावर आज नव्याने भातखाचराचा तुकडा घेणे शहाणपणाचे नाही. जुने नियमित झाले याचा अर्थ नवे मंजूर झाले, असा होत नाही. आणि तुकड्याचा दोष गेला तरी त्याच उताऱ्यावरचे ३६-अ किंवा वनाची नोंद तशीच राहते. खरोखरच रीतसर प्लॉटिंग असेल तर मंजूर लेआउट असतो, आणि क्षेत्र पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. तो नसताना जाहिरातही करता येत नाही, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

बहिणींचा हक्क हा रकान्यात न लिहिलेला इतर हक्क. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला ठरले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या सुरक्षित. गावठाणातले जुने घर तीन भाऊ विकतात आणि दोन बहिणींच्या सह्या नसतात, तेव्हा घेणारा तीन भावांचेच हिस्से घेत असतो, घर नव्हे. ‘बहिणी हक्कसोड देतातच, रीतच आहे’ असे सांगितले जाते. रीत असेल, पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते, आणि ते समजून-उमजून, हवा तर मोबदला घेऊन दिलेले असावे. तिला तिचा वाटा द्यावा लागला तर व्यवहार महाग होतो, हा आक्षेप मला मान्य नाही. तो वाटा आजवर कोणीतरी दुसरा वापरत होता, एवढेच. आदिवासी कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा आपोआप लागू होत नाही, हे मात्र ध्यानात हवे. तिथे वारसांचा प्रश्न रूढीवर जातो आणि जास्त बारकाईने विचारावा लागतो.

बँकेने कर्ज दिले म्हणजे जमीन निर्वेध, असेही म्हणतात. बँक आपल्या वसुलीपुरते पाहते. हप्ते तुमच्या पगारातून जातात. तिचा शोध अहवाल साधारण तीस वर्षांचा असतो. या भागातले निर्णायक फेरफार पुष्कळदा त्याआधीचे, १९५७ आणि १९७५ च्या आसपासचे आहेत. शोध तिथपर्यंत नेण्याचा आग्रह घेणाऱ्यानेच धरायला हवा.

राहिला खर्चाचा आणि आवाक्याचा प्रश्न. सामान्य माणसाने हे सगळे कसे करायचे? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याचे उत्तर एकट्या खरेदीदाराकडे नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेतून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. नमुना ८ पलीकडे घराला प्रथमच नकाशा मिळाला. पण ही मोजणी गावठाणाची. वाड्या आणि पाडे पुष्कळ ठिकाणी गावठाणाबाहेर, खाजगी मालकाच्या नाहीतर वनाच्या जमिनीवर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या घराखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, आणि ती विकली जाते तेव्हा घरासकट विकली जाते. कुळकायद्यात कुळांच्या घरांखालच्या जागांसाठी तरतूद आहे, महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पाडे या हद्दीत आणले तर तिथल्या माणसाला घर मिळेल, आणि शेजारचा गट घेणाऱ्याला आपल्या जमिनीवर कोणाची चूल पेटते हे आधी कळेल. चावडीवाचनात सातबारा वाचून दाखवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते वाचन भोगवटादारांच्या नावांवर न थांबता इतर हक्कांपर्यंत, कंसांपर्यंत आणि त्यांच्या फेरफारांपर्यंत जावे, अशी मागणी दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामसभांना ठराव करून करता येईल. ते होईपर्यंत घेणाऱ्याने विसाराची रक्कम देण्याआधी इतर हक्कांतल्या प्रत्येक कंसाचा मूळ फेरफार विकणाऱ्याकडे मागावा, गावात जाऊन जागेवर कोण राहते ते पाहावे, आणि फेरफार मिळत नसेल तर विसार देऊ नये.